घेऊन जा गे मारबत : नागपुरात थेरपी शिकणाऱ्यांसाठी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझं क्लिनिक बंद असतं. हौसेची सुट्टी नव्हे, त्या दिवशी महाल भागात गाडी शिरतच नाही. गल्लीत लहान पोरं लाकडी बैल ओढत तान्हा पोळा करत असतात आणि मोठ्या रस्त्यानं काळी मारबत, पिवळी मारबत आणि मागून बडगे असे पुतळे निघतात. सगळं गाव एका सुरात ओरडतं, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" घरात जे जे नकोसं झालंय ते त्या पुतळ्यावर टाकायचं आणि पुतळा गावाबाहेर नेऊन जाळायचा.

माझ्या खोलीत येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या भेटीत हेच मागतो, फक्त ढोलताशे नसतात. "मॅडम, ही घबराट तेवढी काढून टाका, बाकी मी एकदम ओके आहे." "याच्या डोक्यातला मोबाइल काढा." "तिच्या मनातून तो पोरगा काढा." म्हणजे मारबत आम्हीच व्हायचं. नवा थेरपिस्ट हे काम खुशीनं अंगावर घेतो. मीही घ्यायची. राँचीहून एम.फिल. करून परत आले तेव्हा माझ्याकडे चिंता काढायची तंत्रं होती, राग काढायची होती, झोप आणायची होती. माणसं चार-सहा भेटींत बरी व्हायची आणि वर्षभरानं त्याच खुर्चीत त्याच तक्रारीसह परत बसायची. कुठं चुकतंय ते कळायला मला बरीच वर्षं लागली. तुम्हाला एवढी लागू नयेत म्हणून हे लिहितेय.

आज मी ज्या पद्धतीनं काम करते तिचं नाव ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. अमेरिकेत स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1980 च्या दशकापासून घडवली. आद्याक्षरं सुटी न म्हणता 'ॲक्ट' असा एकच शब्द उच्चारायचा, असा त्या मंडळींचा आग्रह आहे. आपल्याकडे अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत बऱ्याच जणांना माहीत आहे. एलिसनी ती 1950 च्या दशकात मांडली आणि मराठीत तिच्यावर भरपूर काम झालंय. तिथं चुकीच्या विचाराशी वाद घालायचा, पुरावा मागायचा. ॲक्टमध्ये वाद कमी. 'मी नापास होणार' हा विचार खरा की खोटा, यावर तास घालवण्याऐवजी विचारायचं, की हा विचार सोबत घेऊन तू आत्तापर्यंत कुठं कुठं गेलास आणि कुठं जायचं टाळलंस? भीती जाईल तेव्हा जाईल. पण माणूस ज्याची खरी किंमत करतो त्या दिशेनं आज एक पाऊल तरी पडलं का, हे पाहायचं. एलिस टाकाऊ आहेत असं मुळीच नाही. माझ्या हाताला ॲक्ट बसली, एवढंच.

या पद्धतीत 'व्हॅल्यूज' मध्यभागी आहेत, आणि मराठी थेरपिस्टची पंचाईत नेमकी तिथंच होते. व्हॅल्यू म्हणजे मूल्य, हे शब्दकोशात बरोबर आहे. खोलीत ते साफ फसतं.

यवतमाळकडचा एक मुलगा, नंदनवनात खोली करून राहणारा, नीटची दुसऱ्यांदा तयारी करणारा. टेस्ट सिरीजचा पेपर हातात आला की त्याला घाम फुटायचा, हात गार पडायचे. (इथली सगळी माणसं दोन-तीन क्लायंट मिसळून केलेली आहेत, तपशील बदललेले आहेत.) तिसऱ्या भेटीत मी मोठ्या उत्साहानं त्याला विचारलं, "तुझी मूल्यं कोणती?" तो ताठ बसला आणि म्हणाला, "वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा..." शाळेच्या भिंतीवर रंगवलेली मूल्यशिक्षणाची यादी होती ती. सर्वधर्मसहिष्णुतेपर्यंत गेला असता, मीच थांबवलं.

तेव्हापासून किशोरवयीन मुलांसमोर मी तो शब्द उच्चारत नाही. 'संस्कार' तर त्याहून वाईट, तो शब्द आला की आईबाबाच खोलीत येऊन बसतात. मग विचारायचं कसं? मी आता साध्या गोष्टींपासून सुरू करते. क्लासवरून खोलीवर परत जाताना तू कुठं रेंगाळतोस? कोणतं काम करताना मोबाइल विसरतोस? कोणाचं काय पाहिलं की तुला जळायला होतं? हा शेवटचा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडला नाही, पण तो फार चालतो. हेव्याच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी जपावंसं वाटणारं लपलेलं असतं.

तर तो मुलगा. रेंगाळतो कुठं? गल्लीतल्या एका लंगड्या कुत्र्यापाशी. आणि जळतो कोणावर? पोळ्याला गावी गेलेल्या रूममेटवर. "मॅडम, दोन वर्षं झाले, मी बैल नाही धुतले. आई म्हणते एक दिवस वाया जाते. बाबानं फोटो पाठवला, तर मले पाहवूनच नाही राहिला." आणि रडला. टेस्टच्या मार्कांवर बोलताना एकदाही न रडलेला मुलगा.

आता तुम्ही नवे असाल तर तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं होतं. याला व्हेटर्नरीला घाला! नागपुरात पशुवैद्यकीय कॉलेज आहे, त्याचाही प्रवेश नीटवरून होतो, म्हणजे गोष्ट कशी छान जुळते. जीभ चावा. मूल्य म्हणजे करिअर नव्हे. मुक्या जनावराची हातानं काळजी घेणं ही दिशा आहे, आणि पूर्वेकडे चालणारा माणूस 'पूर्व आली' म्हणून कधी थांबत नाही. पशुवैद्य हा त्या रस्त्यावरचा एक मुक्काम, डॉक्टर दुसरा, आणि शेतकरी असून रोज गोठ्यात जाणं तिसरा. मुक्काम त्यानं ठरवायचा. आम्ही ठरवलं ते इतकंच की महिन्यातून एक रविवार तो गावी जाईल आणि त्या दिवशी कोणी अभ्यासाचं विचारलं तरी गोठ्यातच राहील. ते आईला सांगायला त्याला पेपरपेक्षा जास्त घाम फुटला. घाम फुटलेला असतानाच त्यानं सांगितलं. माझ्या दृष्टीनं थेरपी तिथं झाली.

पेपरची भीती? ती होतीच. तिच्यासाठी आम्ही किशोरांच्या ॲक्टमधला एक तुकडा वापरला. लुईस हेज आणि जोसेफ चारोची यांनी तरुण मुलांसाठी जी मांडणी केली आहे, तिच्यात डोक्यातल्या सतत सल्ले देणाऱ्या आवाजाला 'ॲडव्हायझर' म्हणतात. सल्लागार म्हटलं की मुलांना शेअर बाजार आठवतो. या मुलानं स्वतःच नाव दिलं, पानठेल्यावरचे काका. गावातल्या प्रत्येकाचं भविष्य ज्यांना माहीत असतं ते. "काका म्हणून राहिले का तुझं नाही होत." काकांना गप्प करता येत नाही, त्यांचा ठेला हलवता येत नाही. पण त्यांच्यासमोरून सायकल काढता येते. आपल्या बोलीत हे काम अर्धं झालेलंच असतं. 'मी नापास होणार' आणि 'डोकं म्हणते का मी नापास होणार' या दोन वाक्यांमधलं अंतर समजवायला इंग्रजी पुस्तकं पानं खर्च करतात.

त्याला शेवटी किती मार्क पडले? सांगत नाही. केस मांडली की पहिला प्रश्न नेहमी हाच येतो, आणि तो विचारणारा थेरपिस्ट अजून पानठेल्यावर बसलेला असतो.

पुस्तकातले काही प्रयोग इथं जसेच्या तसे चालत नाहीत. तुझ्या थडग्यावर काय लिहिलेलं तुला आवडेल, असा एक प्रसिद्ध व्यायाम आहे. मी एकदा उमरेडच्या एका बाईंना 'समजा तुमच्या तेरवीला लोक काय बोलतील' असं विचारलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "अभद्र नका बोलू बाई, पोरगी लग्नाची आहे." बरोबरच होतं त्यांचं. आता मी विचारते, मुलीच्या लग्नात तुमची धाकटी जाऊ पाहुण्यांना तुमच्याबद्दल काय सांगत असेल? त्यावर मग तासभर बोलणं होतं.

आता माझी एक मोठी चूक. ती जरा लाजत सांगावी लागते.

नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली एक मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, एमपीएससीची तयारी. झोप नाही, खाणं नाही, सारखं डोकं दुखतं. वडील कारखान्यात कामाला. तिच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि अभ्यासाला बसताना तिला वाटतं, आपण त्या फोटोसमोर कमी पडतोय. मी नुकतंच शिकून आले होते की दुसऱ्यांनी लादलेलं मूल्य वेगळं आणि स्वतः निवडलेलं वेगळं. झालं, मी निदान करून टाकलं. म्हणाले, "अधिकारी होणं हे घरच्यांचं स्वप्न आहे ना? तुला स्वतःला काय हवंय?" ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तो फोटो बाबांनी नाही लावला. मी लावलाय."

माझ्या घरात शिक्षण तीन पिढ्या आयतं चालत आलेलं. 'अभ्यासाचा दबाव' म्हणजे मला फक्त आईवडिलांची हौस दिसत होती. 1956 साली तिच्या पणज्यानं दीक्षाभूमीवर उभं राहून जे स्वीकारलं ते तिच्या घरात ओझं म्हणून नाही, मिळकत म्हणून आलं होतं. ते वारशानं आलं होतं आणि तिनं ते निवडलंही होतं. पुस्तकात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, इंदोऱ्यात नाहीत. तिचा त्रास वेगळाच होता. 'शिकणं' या दिशेचं तिनं 'पहिल्याच प्रयत्नात पास होणं' करून टाकलं होतं आणि ज्या माणसांसाठी शिकायचं त्यांच्यात मिसळणं बंद केलं होतं. शनिवारी संध्याकाळी ती विहारात लहान मुलांचे अभ्यास घ्यायची, ते वेळ जातो म्हणून सोडलं होतं. ते पुन्हा सुरू झालं. डोकेदुखी कमी झाली, पूर्ण गेली नाही.

म्हणून 'मूल्याधारित' म्हटलं की आधी विचारा, कोणाची मूल्यं? तुमची तर नक्कीच नाहीत. पण समोरचा माणूस एकटा, घरापासून तोडलेला, आपल्याच मनाचा राजा असावा, हेसुद्धा एक मूल्यच आहे आणि ते पुस्तकासोबत चोरपावलांनी येतं.

मोठ्या माणसांचं काम वेगळं लागतं. मुलांना काय आवडतं ते माहीत असतं, फक्त परवानगी नसते. पन्नाशीच्या माणसाला परवानगी असते, पण काय आवडत होतं ते तो विसरलेला असतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयातले गृहस्थ आले होते. गर्दीत छातीत धडधड व्हायची, जीव जातोय असं वाटायचं. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दोनदा रात्री धावत गेले, ईसीजी चांगला, थायरॉइड चांगलं. (हे तपासून झालंय का, ते तुम्हीही पहिल्याच भेटीत विचारा. धडधडीला मनाचं नाव देण्याआधी शरीर पाहून झालेलं असलं पाहिजे.) मधल्या काळात ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावरही जाऊन आले होते. असे पुष्कळ येतात आणि दबकत सांगतात, आपण हसू म्हणून. हसू नका. खुद्द ताजुद्दीन बाबांना इथल्याच पागलखान्यात ठेवलं गेलं होतं. शहाणपण आणि वेड यांची हद्द या गावानं फार ताठ कधी ठेवलेली नाही. बाबांकडे जाऊन माणसाला धीर आला असेल तर तो आपल्या कामाला येतो. गोळ्या मात्र थांबवलेल्या नाहीत ना, हे विचारून घ्या.

या गृहस्थांना मी विचारलं, ही धडधड उद्या सकाळी नसेल तर तुम्ही संध्याकाळी काय कराल? पहिली दोन उत्तरं बेकार होती, शांत झोपेन, टेन्शन घेणार नाही. मेलेला माणूसही झोपतो आणि टेन्शन घेत नाही, असं आमच्यात गमतीनं म्हणतात. मेलेल्या माणसाला जे जिवंत माणसापेक्षा छान जमतं ते उद्दिष्ट होऊ शकत नाही. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "खंजिरी वाजवेन." तरुणपणी तुकडोजी महाराजांच्या भजनांत खंजिरी वाजवायचे, गुरुकुंज मोझरीला जायचे. गर्दीत धडधड होते म्हणून सामुदायिक प्रार्थनेला जाणंही सोडून नऊ वर्षं झाली होती.

पुढचे चार महिने आम्ही काय केलं ते सांगायला सोपं आहे, करायला नाही. आधी घरी माळ्यावरून खंजिरी काढली. मग प्रार्थनेच्या जागेबाहेर स्कूटरवर बसून ऐकलं. मग आत, दाराजवळ. मग मधे. प्रत्येक पायरीला धडधड होतीच आणि तिला हाकलायचं नाही असं ठरलेलं होतं. एकदा ते मधूनच उठून आले आणि मला फोन करून म्हणाले, फेल झालो. मी विचारलं, किती भजनं झाल्यावर उठलात? "चार." मागच्या नऊ वर्षांत किती झाली होती?

आता कामाचं थोडं रुक्ष, पण नवे लोक इथंच घसरतात.

किशोरवयीन क्लायंट म्हणजे तीन क्लायंट. माझी पहिली भेट अशी असते, पंधरा मिनिटं सगळे, अर्धा तास मूल एकटं, शेवटी पुन्हा सगळे. पहिल्या पंधरा मिनिटांतच, आईवडिलांच्या देखत, मी गुप्ततेची हद्द सांगते. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. जिवाला धोका वाटला, किंवा कोणी इजा करतंय असं कळलं, तर जाईल. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गुप्ततेचा हक्क देतो आणि तिचे अपवादही सांगतो. पॉक्सोचं मात्र नीट वाचून ठेवा. 18 वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं 2012 च्या या कायद्यानं बंधनकारक आहे. आणि सतरा वर्षांच्या मुलीची संमती कायदा मानत नाही. म्हणजे 'माझा बॉयफ्रेंड आहे' इथपासून पुढचं वाक्य यायच्या आधी तिला ही हद्द माहीत असायला हवी. नंतर सांगणं हा विश्वासघात आहे. मी एकदा उशिरा सांगितलं होतं. ती मुलगी परत आली नाही.

आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ त्याच शब्दांत विचारायला शिका. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस सुटकेचा श्वास सोडतो. 'तसं काही मनात येतं का' असं गुळमुळीत विचारलंत तर 'नाही' असं गुळमुळीत उत्तर मिळेल. बारावीच्या आणि नीटच्या निकालाच्या दिवसांत मी बाहेरगावी जात नाही. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर सेव्ह करून घेते. धोका खरा असेल तेव्हा मूल्यबिल्य बाजूला. त्या दिवशी घरचं माणूस, सायकियाट्रिस्ट आणि घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात, एवढंच.

सुरुवातीला एका क्लासनं मला समुपदेशक म्हणून ठेवलं होतं. महिनाअखेरीस त्यांनी 'कमजोर' मुलांची यादी मागितली, म्हणजे पुढची बॅच ठरवायला बरं. पगार चांगला होता, तरी सोडलं. तुम्हालाही अशी विचारणा होईल. काम घेण्याआधी लिहून घ्या, की कोणती माहिती कोणाला जाईल.

पदव्यांचं थोडक्यात. एम.ए. सायकॉलॉजी केल्यावर तुम्ही समुपदेशक म्हणून काम करू शकता, 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावू शकत नाही. त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. माझ्या वेळी मुख्य रस्ता होता दोन वर्षांचं एम.फिल. यूजीसीनं 2022 च्या नियमांत एम.फिल. बंद केलं, या विषयाला तेवढी मुदतवाढ दिली, आणि आरसीआयनं नवे अभ्यासक्रम आणले. त्यामुळे फी भरण्याआधी संस्थेचं नाव त्या सत्रासाठी आरसीआयच्या यादीत आहे का ते स्वतः उघडून पाहा, ॲडमिशन काउंटरवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. आणि थेरपी शिकायची म्हणून वॉर्ड टाळू नका. राँचीच्या कांके इथल्या वॉर्डात पाहिलेला स्किझोफ्रेनिया मला आजही उपयोगी पडतो, कारण 'पोरगा अभ्यास करत नाही' म्हणून आणलेल्या मुलांमध्ये एखाद्याला आवाज ऐकू येत असतात. अशा मुलाला तुमची मूल्यं नंतर, सायकियाट्रिस्ट आधी.

पैशाचं विचाराल तर पहिली दोन वर्षं एका सायकियाट्रिस्टच्या ओपीडीच्या मागच्या खोलीत बसले, तीनशे रुपये फी, आठवड्याला चार माणसं. उन्हाळ्यात दुपारच्या वेळा देऊ नका, सत्तेचाळीस डिग्रीत कोणी येत नाही आणि तुम्हाला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण माझ्या क्लिनिकवर बसतो, केसेस मांडतो. यायचं असेल तर या. दोन केसेस आणा, नावं न सांगता. त्यातली एक फसलेली असू द्या. आणि येताना पोहे खाऊन या, आमच्या गल्लीतला तर्रीवाला सहानंतर बंद करतो.